मातीची विचारपूस : पाकिटातली बुरशी आणि रानातली बुरशी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी मायकोरायझाबद्दल आहेत. मुळांत राहणारी ही बुरशी आता कृषी सेवा केंद्राच्या फळीवर येऊन बसली आहे. दुकानदार तिला 'व्हॅम' म्हणतात आणि ग्राहक 'ते बुरशीचं खत'. मी तीस वर्षं मुळं धुण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळे शिणवण्यात घालवली, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा कडक आहेत. चार पत्रं थोडी कापून छापते आहे.

"दीड एकर उन्हाळ कांदा लावला. दुकानदाराच्या सांगण्यावरून लागवडीच्या वेळी रोपांची मुळं मायकोरायझाच्या पाण्यात बुडवली. मर रोग येऊ नये म्हणून त्याच पाण्यात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही टाकलं होतं. आधी याच रानात फ्लॉवर होता. त्याला एकरी ३ गोण्या डीएपी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत) टाकला, कांद्याला पुन्हा २. बांधाला लागून चुलत्यांचं रान आहे, तिथे खरिपात बाजरी होती. त्यांनी बुरशी-बिरशी काही वापरली नाही, तरी त्यांचा कांदा माझ्यापेक्षा एकसारखा आहे. पाकीट बोगस निघालं का? माती परीक्षणाची झेरॉक्स जोडली आहे."
— कांदा उत्पादक, निफाड तालुका

दादा, दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी ती झेरॉक्स एकदा नीट बघा. स्फुरदापुढे 'अत्यंत जास्त' असं छापलेलं आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

नत्र पाण्याबरोबर फिरतं. स्फुरद फिरत नाही. तुमच्यासारख्या चुनखडीच्या काळ्या रानात तर तो मातीला घट्ट चिकटून बसतो. मूळ आपल्या भोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा स्फुरद खाऊन टाकतं आणि मग त्या रिकाम्या कड्यात उपाशी बसतं. ही बुरशी त्या कड्याबाहेर जाते. तिचे तंतू केसापेक्षा किती तरी बारीक असतात आणि मुळापासून काही सेंटिमीटर लांब पोचतात. जिथे केशमूळ शिरत नाही अशा फटीत शिरून ते स्फुरद आणि जस्त घेऊन येतात. हे काम फुकटात होत नाही. पानांनी उन्हात जे कमावलं त्यातला ४ ते २० टक्के वाटा झाडाला या बुरशीला द्यावा लागतो. पाचातला एक रुपया मजुरीत जायला लागला तर तुम्हीही विचार कराल. झाडही करतं.

स्फुरदाची चणचण असली की मुळं मातीत एक द्रव्य सोडतात. त्याचा सुगावा लागला की बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि ते मुळाकडे वळतात. या द्रव्याची ओळख मात्र आधी दुसऱ्याच निमित्ताने झाली. जुन्या ज्वारीवाल्यांना टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं ते तण, आठवत असेल. त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतं आणि यजमान पिकाचं मूळ जवळ आलं की जागं होतं. त्याला जागं करणारं हे द्रव्य १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळं काढलं गेलं. पीक आपल्या वैऱ्याला स्वतःहून हाक का मारेल, हे कोडं पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तसंच राहिलं. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की ही हाक बुरशीसाठी आहे. टारफुला ती चोरून ऐकतो, एवढंच.

तुमच्या रानात एकरी ५ गोण्या डीएपी गेला. कांद्याला चणचणच नाही, तर तो हाक कशाला मारील? गरज सरो, वैद्य मरो. पाकिटातली बुरशी अस्सल होती असं धरलं तरी तिला मुळात कोणी घेतलं नसतं.

आता फ्लॉवर. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे एक कुळ. पालक, बीट, राजगिरा हे दुसरं. या दोन्ही कुळांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही. तुमच्या रानात तिला तीन-चार महिने घरच नव्हतं. चुलत्यांच्या बाजरीने मात्र तेवढे महिने तिला मुळांत ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं. त्यांनी कांदा लावला तेव्हा मातीत तंतूंचं जाळं तयार होतं. आणि कांद्याला त्याची गरज इतर पिकांपेक्षा जास्त असते. एक रोप हलक्या हाताने उपटून धुऊन बघा. पांढरी, जाडसर, दोऱ्यासारखी मुळं दिसतील, फांद्या थोड्या आणि केशमुळं जवळजवळ नाहीतच. अशा मुळांना स्वतःच्या बळावर स्फुरद शोधणं जड जातं.

राहिली ती बादली. प्रयोगासाठी जमिनीचा एखादा तुकडा या बुरशीविना ठेवायचा असेल तर संशोधक तिथे बहुधा बेनोमिल हे बुरशीनाशक टाकत असत. बेनोमिलचं मातीत रूपांतर होऊन जे बनतं ते कार्बेन्डाझिम. म्हणजे तुम्ही एकाच बादलीत पाहुण्याला बोलावणंही धाडलंत आणि दाराला कडीही घातलीत.

पाकीट बोगस होतं की नाही, हे यावरून कोणीच सांगू शकणार नाही. त्याची परीक्षा झालीच नाही. पुढच्या हंगामात खर्च न करता एवढं करा. कांद्याआधी फ्लॉवरऐवजी बाजरी, मका किंवा मूग घ्या. स्फुरदाच्या गोण्यांबद्दल कृषी सहायकाला ही झेरॉक्स दाखवून विचारा, माझा अंदाज आहे की ते 'यंदा राहू द्या' म्हणतील. आणि पाकिटाची खुमखुमी असेलच तर ते लागवडीत वापरू नका, रोपवाटिकेत वापरा. दोन गादीवाफ्यांत बी टाकताना खाली मातीत मिसळा, दोन वाफे तसेच ठेवा, खुंट्या ठोकून. चारही वाफ्यांतली रोपं बुरशीनाशकात बुडवणं टाळा. मग जो फरक दिसेल तो तुमच्या रानातला, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला असेल.

"आमचं मळीचं रान नदीच्या काठाला आहे. पुराचं पाणी बारा दिवस उभं होतं. ऊस कुजला, काढून टाकला. पुढे सात महिने रान तसंच पडून राहिलं. आता मका केलाय तर गुडघ्याएवढा होऊन थांबलाय, पानांच्या कडा जांभळ्या पडल्यात. खतवाला म्हणतो स्फुरद कमी आहे, पण तपासणीत तर ठीक आलाय. गावात म्हणतात पुरानं रान मेलं. रान मरतं का हो? आणि यंदा नांगरून चांगलं तापवून ठेवू का?"
— एक शेतकरी भगिनी, शिरोळ तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून मला अमेरिकेतला मका आठवला. १९९३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांना मोठा पूर आला. आयोवा आणि आसपासच्या राज्यांत पुष्कळ शेतं पाण्याखाली गेली आणि त्या वर्षी तिथे काहीच पिकलं नाही. १९९४ मध्ये त्याच शेतांत मका पेरला तो खुरटला, पानं जांभळी पडली आणि माती परीक्षणात स्फुरद पुरेसा. जवळजवळ तुमचंच पत्र.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या डार्लिंग डाउन्स भागात आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. तिथे ओल साठवण्यासाठी रान वर्ष-वर्ष मोकळं ठेवत. त्यानंतर पेरलेलं सूर्यफूल किंवा दुसरं पीक रुसून बसे. खूप जणांनी खूप कारणं सांगितली. शेवटी जे. पी. थॉम्पसन या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की मातीत स्फुरद होता, तो आणून देणारी बुरशी मात्र ओसरली होती.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय जगत नाही. मूळ नसेल तेव्हा तिचे बीजाणू आणि जुन्या मुळांच्या तुकड्यांतले तंतू वाट बघत पडून राहतात. काही बीजाणू रुजतात, थोडे चाचपडतात आणि मूळ सापडलं नाही तर संपतात. सात महिन्यांत तुमच्या रानातला हा साठा घटत गेला. त्याआधी बारा दिवसांच्या पाण्याने पहिला फटका दिला होता, कारण तिला श्वासाला हवा लागते आणि बुडालेल्या मातीत ती नसते. (भाताचं काय, असं तुमच्या मनात येईल. भाताच्या मुळांत हवेच्या नळ्या असतात, त्यांच्या आधाराने थोडी बुरशी चिखलातही तग धरते. पण पाणी न साचणाऱ्या भरड जमिनीतल्या भाताच्या मुळांत ती कितीतरी जास्त दिसते.)

एक गोष्ट मात्र तपासा. मका ऐन थंडीत पेरला असेल तर जांभळ्या कडांचा काही दोष थंडीलाही द्यावा लागेल. गार मातीत मूळ आणि बुरशी, दोघंही आळसावतात.

उभ्या मक्याला आता फार काही करता येणार नाही, पण धीर सोडू नका. मुळं वाढतील तसतशी उरलीसुरली बुरशी त्यांना सापडते आणि पुष्कळदा पीक उशिरा का होईना हिरवं होतं. पुढच्या पेरणीला स्फुरद फोकून टाकू नका. थोडासाच द्या, पण बियाच्या शेजारी आणि दोन बोटं खाली, म्हणजे बुरशी येईपर्यंत रोपाला हातातोंडाशी मिळेल. आणि मका निघाला की रान मोकळं ठेवू नका. ताग, चवळी, चाऱ्याची ज्वारी, जे बी घरात असेल ते टाका. मोहरी नको, कारण वर सांगितलंच. पाकीट घ्यायचंच असेल तर ज्या रानात ते घेण्यात अर्थ आहे असं तुमचंच रान आहे, हेही सांगून टाकते. निफाडच्या दादांना नाही म्हटलं म्हणून तुम्हालाही नाही म्हणेन असं नाही. पुरात न बुडालेल्या तुमच्याच दुसऱ्या रानातली ज्वारीच्या बुडख्याजवळची माती चार पाट्या आणून सरीत टाकली तरी चालते. मात्र त्या रानात हुमणी किंवा सूत्रकृमी असेल तर ही माती आणू नका, नाहीतर रोगही त्याच पाटीतून येईल.

नांगरून तापवण्याचं विचारलंत. हुमणीसाठी, हरळीसाठी एक खोल नांगरट लोक करतात, तिला माझी ना नाही. पण हे तंतू म्हणजे मातीत विणलेलं जाळं असतं. कॅनडात १९८० च्या दशकात मक्यावर प्रयोग झाले. न हलवलेल्या मातीत उगवलेल्या कोवळ्या मक्याने हलवलेल्या मातीतल्या मक्यापेक्षा जास्त स्फुरद उचलला, कारण त्याच्या मुळांना आधीच विणलेलं जाळं आयतं मिळालं. कोरडे बीजाणू मे महिन्याचं ऊन बऱ्यापैकी सोसतात, तुटलेले कोवळे तंतू सोसत नाहीत. तुमच्या रानात आधीच बुरशीचा दुष्काळ आहे, त्यात यंदा ही नांगरट नको. आणि तो रोटाव्हेटर! दर पिकाआधी दोनदा फिरवून मातीचा रवा करायचा, वर तक्रार करायची की जमीन मऊ राहिली नाही. असो, ते वेगळं प्रकरण.

"२०० लिटरच्या टाकीत २ किलो गूळ, १ किलो बेसन, ताक आणि १ किलो व्हॅम टाकून सात दिवस ढवळलं. चांगला फेस आला, वासही आंबूस. डाळिंबाला आळवणी केली. एका किलोचं किती किलो झालं असेल?"
— डाळिंब उत्पादक, सांगोला

वाढ शून्य. जमलं तर एका किलोचं पाऊण झालं असेल.

ट्रायकोडर्मा, रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर ही दुसरी सूक्ष्मजीव मंडळी गुळावर वाढतात. ही बुरशी वाढत नाही. तिला स्वतःचं तूप-तेलसुद्धा बनवता येत नाही. साखरेबरोबर स्निग्ध पदार्थही ती झाडाकडूनच घेते, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. तुमच्या टाकीतला फेस यीस्ट आणि जिवाणूंचा. डाळिंबाला त्याने अपाय होणार नाही, पण ते मायकोरायझा नव्हे.

तिला वाढवायचं तर जिवंत मूळच लागतं. कुंड्यांत निम्मी वाळू, निम्मी हलकी माती भरा. मध्ये पाकिटातलं चमचाभर टाकून वर मका, ज्वारी किंवा नाचणी पेरा. स्फुरद अजिबात देऊ नका. तीन-साडेतीन महिने वाढू द्या, मग पाणी तोडा. शेंडे कापून टाका आणि वाळलेली मुळं मातीसकट बारीक करून वापरा. मी पहिल्यांदा हे मोठ्या प्रमाणावर केलं तेव्हा चाळीस कुंड्या होत्या. आमच्याकडच्या एका प्रेमळ मदतनीस काकांना मका पिवळट वाटला. मला न सांगता त्यांनी प्रत्येक कुंडीत मूठभर डीएपी टाकला. मका असा तरारला की पाहुणे फोटो काढून जायचे. मुळं रंगवून पाहिली तर कोरी करकरीत. चार महिने गेले, काकांना बोलवेना आणि मलाही रागावता येईना.

तुमच्यासाठी अजून एक. बहार धरताना तुम्ही पाणी तोडता, पानगळ करता. पानंच नाहीत तर साखर कुठून येणार आणि बुरशीला काय मिळणार? त्या काळात कुठलीही आळवणी करून बुरशी लावायला जाऊ नका. पहिलं पाणी दिल्यावर नवी पालवी फुटते आणि ठिबकच्या थेंबाखाली पांढरी मुळी दिसायला लागते, तेव्हा तिथली माती उकरून मुळीला लागेल असं टाका. वाळलेल्या तपकिरी मुळावर टाकलेलं वाया जातं.

"मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मला ही बुरशी प्रत्यक्ष दाखवायची आहे. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. रंगवायला लागणारं रसायन महाग आहे असं सर म्हणाले. दुसरा काही उपाय आहे का?"
— एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

बाळ, हे या महिन्यातलं माझं सगळ्यात आवडतं पत्र. उपाय आहे, आणि तो स्वयंपाकघरात आणि दप्तरात आहे: व्हिनेगर आणि पेनची शाई. १९९८ मध्ये संशोधकांनी ही रीत छापली आणि आमच्यासारख्या कायम पैशाची ओढाताण असलेल्या प्रयोगशाळांनी ती आनंदाने उचलली.

मक्याची किंवा नाचणीची बारीक मुळं घे, जाड नको. ती मातीतून ओढू नकोस, ढेकूळ पाण्यात भिजव आणि माती आपोआप सुटू दे. मुळांतला रंग काढण्यासाठी ती दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवावी लागतात. हे काम सरांनी हातमोजे आणि चष्मा घालून करायचं, तू लांब उभी राहून बघायचंस. मुळं शेवयांसारखी पारदर्शक झाली की पाण्याने चार वेळा धू. मग १९ भाग साधं पांढरं व्हिनेगर आणि १ भाग शाई मिसळून त्यात तीन मिनिटं उकळव. काळी शाई मिळाली तर उत्तम, निळीही चालते. शेवटी पाण्यात व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकून त्यात मुळं वीस मिनिटं ठेव, म्हणजे मुळाची जादा शाई निघून जाते आणि बुरशीची राहते.

आता काचपट्टीवर मूळ ठेवून भिंग हळूहळू वर-खाली कर. पेशींच्या रांगांमधून गडद दोरे जाताना दिसतील. मध्येच लांबट थेंबासारख्या पिशव्या, त्यांत बुरशी तेल साठवते. आणि नशीब चांगलं असेल तर एखाद्या पेशीत अख्खं झाड दिसेल: खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या, पेशीभर पसरलेलं. स्फुरद आणि साखर यांची देवघेव नेमकी इथे चालते. हे झाड काही दिवसच जगतं, मग पेशी ते विरघळवून टाकते आणि शेजारच्या पेशीत नवं उगवतं. मी पहिलं पाहिलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, डबा उघडायचा राहून गेला.

तुमच्याकडची जांभ्याची माती या कामाला चांगली. तिच्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे झाडांना बुरशीची गरज पडते. प्रदर्शनात नुसतं दाखवण्यापेक्षा तुलना कर. मक्याच्या सहा कुंड्या, माती एकच, तीही खत न घातलेल्या जागेची. दोन उन्हात, दोन दाट सावलीत, दोन उन्हात पण डीएपी टाकून. सहा आठवड्यांनी प्रत्येक कुंडीतली मुळं रंगव. प्रत्येकातल्या १०० ठिकाणी भिंग थांबवायचं आणि बुरशी 'आहे' की 'नाही' एवढंच वहीत लिहायचं. सावलीत साखर कमी बनते, डीएपीत गरज उरत नाही. तेव्हा आकडे काय येतील याचा अंदाज आधी कागदावर लिहून ठेव आणि मगच मोजायला बस.

तक्त्यावर एक नाव घाल: आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक. जर्मनीतल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाला सरकारने ट्रफल नावाची महागडी भूछत्रं पिकवता येतील का हे शोधायला सांगितलं होतं. ती काही त्याला पिकवता आली नाहीत. पण झाडांची मुळं खोदताना मूळ आणि बुरशी एकत्र नांदताना दिसली आणि १८८५ मध्ये त्याने त्या जोडीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नुसता 'बुरशी-मूळ'.

तुझे सहाही आकडे मला पाठव. सावलीतल्या कुंडीत उलट जास्त बुरशी निघाली तर खोडरबर हातात घेऊ नकोस, तेही तसंच पाठव. पुढच्या अंकात छापते.